रुळांची रुंदी आणि काचेची तार

घरातल्या इंटरनेटविषयी बोलायचे आहे, पण सुरुवात मी रेल्वेपासून करणार आहे. श्रोत्यांनी थोडा धीर धरावा. गाडी योग्य स्टेशनात येईल.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८९५ मध्ये बार्शी लाइट रेल्वे ही कंपनी उभी केली. मार्च १८९७ मध्ये तिची गाडी बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी टाऊन अशी धावू लागली. दोन रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. कुर्डुवाडीवरून जाणाऱ्या मोठ्या रेल्वेचे रूळ मात्र साडेपाच फुटांचे. अरुंद रूळ टाकायला स्वस्त, वळणे घ्यायला सोपे, इंजिन लहान, डबे हलके. त्या काळच्या हिशेबात हे शहाणपणाचेच होते. १९११ पर्यंत ही छोटी गाडी लातूरला पोहोचली. बार्शी इंग्रजांच्या मुलखातली, लातूर निजामाच्या. मधले येडशी आमच्या जिल्ह्यातले. धाराशिव मात्र रुळांपासून बाजूलाच राहिले. जिल्ह्याचे ठिकाण, कोर्ट-कचेऱ्या सगळे इथे आणि आगगाडी वीसेक किलोमीटरवर येडशीला. गाडी पकडायची तर आधी येडशी गाठायचे, हे आमच्या आजोबांच्या पिढीपासून चालत आलेले.

तरी या गाडीची खरी अडचण तिचा वेग नव्हता. अडचण होती कुर्डुवाडीला. लातूरच्या बाजारातून डाळ, तेलबिया, कापूस भरून निघालेली वाघीण कुर्डुवाडीपर्यंत यायची आणि तिथे थांबायची, कारण अडीच फुटी रुळांवरची वाघीण साडेपाच फुटी रुळांवर चढू शकत नाही. पोती उतरवा, दुसऱ्या वाघिणीत भरा, मग पुढे मुंबई. मधल्या प्रवासात गाडीने दोन तास वाचवले काय आणि चार तास वाचवले काय, माल कुर्डुवाडीच्या फलाटावर पडून राहिला तर व्यापाऱ्याला त्या वेगाचा उपयोग शून्य.

ही कुर्डुवाडी लक्षात ठेवा. पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

नावाबद्दल एक खुलासा. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून या गावाला उस्मानाबाद म्हणू लागले; २०२३ मध्ये शहर आणि जिल्हा दोन्ही अधिकृतपणे धाराशिव झाले. मी ज्या काळाचे बोलतो त्या काळातले नाव घेतो. दोन्ही नावे माझ्या तोंडात लहानपणापासूनची आहेत.

रुळांसारखाच सांधा टपालातही होता. हैदराबाद संस्थानाचे टपालखाते स्वतंत्र होते. १८६९ पासून त्याची स्वतःची तिकिटे निघत, आणि त्यांतल्या जुन्या तिकिटांवर किंमत चार लिप्यांत छापलेली असे. त्यांत एक आपली मराठी. मराठीत लिहिणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हे तिकीट पाहून जरा बरे वाटते, हे कबूल. पण हे तिकीट चालायचे संस्थानाच्या हद्दीतच. उस्मानाबादहून औरंगाबादला किंवा थेट हैदराबादला पत्र टाकायचे तर ते पुरे. चाळीस-पन्नास किलोमीटरवरच्या बार्शीला टाकायचे तर इंग्रज सरकारचे टपाल आणि इंग्रज सरकारचे तिकीट. लांबचे गाव जवळ आणि जवळचे गाव लांब, असा तो कारभार. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आले आणि १९५० मध्ये निजामाचे टपालखाते भारतीय टपालखात्यात विलीन झाले. पुढे सगळीकडे एकच तिकीट.

टेलिफोनची कथा आमच्या पिढीला तोंडपाठ आहे, म्हणून लांबवत नाही. ट्रंक कॉल लावून बसायचे, ऑपरेटरला 'लाइन मिळाली का हो' असे दर अर्ध्या तासाने विचारायचे. भारतातली पहिली एसटीडी सेवा १९६० मध्ये कानपूर ते लखनौ सुरू झाली. लहान गावांपर्यंत ती यायला पुढे कित्येक वर्षे गेली. ते शक्य झाले सी-डॉटमुळे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या या सरकारी संस्थेने, सॅम पित्रोदांच्या पुढाकाराने, १२८ लायनींचे एक छोटे एक्स्चेंज तयार केले. त्याला वातानुकूलित खोली लागत नव्हती. धूळ, ऊन, विजेचा लपंडाव हे सगळे सोसून ते चालायचे. १९८६ मध्ये त्यातले पहिले कर्नाटकातल्या कित्तूरला बसले. तिथून मग पिवळ्या पाट्यांचे एसटीडी-आयएसडी बूथ गावोगावी उगवले. आमचा कोड ०२४७२. रात्री अकरानंतर पाव दर लागायचा, म्हणून अकराला पाच मिनिटे कमी असताना बूथसमोर जी गर्दी जमायची ती एखाद्या मुशायऱ्याला जमावी अशी.

आणि त्या बूथवरची एक सकाळ. ३० सप्टेंबर १९९३. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातला औसा आणि आमच्या जिल्ह्यातला उमरगा भाग, सास्तूरसारखी गावे, यांत हजारो माणसे गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचा भार घेतलेली माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. मी तेव्हा तेविशीत होतो. सकाळी बूथवर गेलो तर रांग रस्त्यापर्यंत. माझे मामू सौदीला होते आणि त्यांच्या सासरची माणसे उमरग्याच्या बाजूला. तिकडे रेडिओवर बातमी ऐकून ते आम्हाला फोन लावत असणार आणि इकडून आम्ही त्यांना. लाइन एंगेज. बूथवाला डायल करून करून थकला. तिसऱ्या दिवशी आवाज आला तेव्हा मामूंनी पहिल्यांदा नाव कुणाचेच घेतले नाही. 'कोण कोण आहे?' एवढेच विचारले. तार शाबूत होती, एक्स्चेंज चालू होते. पण एका वेळी जेवढे आवाज त्यातून जाऊ शकत होते त्याच्या कितीतरी पट आवाज दाराशी उभे होते. रुंदी म्हणजे काय, ते मला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केले. आमच्यापर्यंत ते डायल-अपच्या रूपाने आले. फोनच्या तारेवर मोडेम किरकिरायचा आणि तेवढा वेळ घरातला फोन बंद. मग जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलने ब्रॉडबँड आणले. सरकारच्या २००४ च्या धोरणात ब्रॉडबँड म्हणजे सेकंदाला किमान २५६ किलोबिट अशी व्याख्या होती. २०१३ मध्ये ती ५१२ किलोबिट झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये २ मेगाबिट.

योगायोग बघा. त्याच सुमारास, २००७ मध्ये लातूर ते उस्मानाबाद आणि २००८ मध्ये उस्मानाबाद ते कुर्डुवाडी हा मार्ग ब्रॉडगेज झाला. नुसता रुंद झाला नाही, वळवून उस्मानाबादला आणला गेला. शंभर वर्षे येडशीला जाऊन गाडी पकडणाऱ्या गावाला स्वतःचे स्टेशन मिळाले आणि कुर्डुवाडीचा सांधा मिटला. ब्रॉडगेज आणि ब्रॉडबँड, दोन्ही शब्द आम्ही भाषांतर न करता घेतले, आणि दोन्हींतला 'ब्रॉड' एकच आहे. त्याचा अर्थ वेगवान नाही. त्याचा अर्थ रुंद.

आता आजच्या प्रश्नाकडे येतो. आमच्या घरी फायबरची जोडणी आहे, सेकंदाला ५० मेगाबिटची. परवा कंपनीकडून फोन आला. महिन्याला साधारण हजार रुपये जास्त द्या, त्यावर १८ टक्के जीएसटी, आणि ३०० मेगाबिट घ्या; सहापट स्पीड. माझी धाकटी लेक पुण्याच्या एका कंपनीचे काम घरातून करते. २०२० च्या टाळेबंदीत ती घरी आली, आणि कंपनीने घरून काम चालू ठेवू दिल्यामुळे इथेच राहिली. मधल्या खोलीत बसून ती मीटिंगमध्ये बोलत असते आणि मधेच चित्र थिजते. तिचा वरिष्ठ दोनदा म्हणाला, नेट सुधारा नाहीतर पुण्याला या. तेव्हा हजार रुपयांचा प्रश्न आमच्या घरात हजार रुपयांचा नाही. ती इथे राहील की जाईल, असा तो आहे.

म्हणून मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. एक जीबीची फाइल, म्हणजे साधारण एका सिनेमाएवढी, धरा. १९९५ च्या सुमारास ९.६ किलोबिटचे मोडेम असत. त्यावर ही फाइल उतरायला, न थांबता, साडेनऊ दिवस लागले असते. नंतरच्या ५६ किलोबिटच्या डायल-अपवर सुमारे चाळीस तास. २००५ च्या २५६ किलोबिटवर पावणेनऊ तास. आज ५० मेगाबिटवर २ मिनिटे ४० सेकंद. आणि ३०० मेगाबिटवर सुमारे २७ सेकंद. इथे बिट आणि बाइट यांचा घोळ होऊ देऊ नका. एका बाइटमध्ये आठ बिट. कंपनी बिटमध्ये बोलते आणि फाइल बाइटमध्ये मोजतात. हा हिशेब मांडला तेव्हा दिसले की दिवसांचे तास झाले आणि तासांची मिनिटे झाली, तेव्हा आमचे जगणे बदलले. अडीच मिनिटांचा अर्धा मिनिट होण्यात, निदान आमच्या घरात, फारसे काही बदलत नाही. स्पष्ट चित्राच्या सिनेमाला सुमारे ५ मेगाबिट पुरतात, अतिस्पष्ट म्हणजे फोर-के चित्राला पंधरा ते पंचवीस, आणि लेकीच्या व्हिडिओ मीटिंगला तीन-चार. बेगम मालिका पाहताहेत, मी जुन्या गझला ऐकतोय, लेक मीटिंगमध्ये आहे, पाहुण्यांचा मुलगा फोन घेऊन बसलाय, असे सगळे एकत्र धरले तरी पन्नासात जागा उरते.

मग चित्र थिजते का?

फायबर म्हणजे काचेची तार, केसासारखी बारीक. १९६० मध्ये नरिंदर सिंग कपानी या पंजाबी शास्त्रज्ञाने 'फायबर ऑप्टिक्स' हे शब्द लोकांपर्यंत नेले. १९६६ मध्ये चार्ल्स काओ यांनी दाखवून दिले की काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून प्रकाशाच्या रूपाने संदेश फार लांब नेता येईल. त्याचे नोबेल त्यांना २००९ मध्ये मिळाले. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. धाराशिव ते मुंबई चारशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे एका बाजूने जायला दोन मिलिसेकंद. हा प्रकाश ५० च्या ग्राहकाचा हळू आणि ३०० च्या ग्राहकाचा जोरात, असे नसते. तो दोघांचाही सारखाच पळतो. जास्त पैसे देऊन आपण घेतो ती रुंदी, एका वेळी जास्त पोती जाण्याची सोय. ज्याच्याकडे पोतीच थोडी आहेत त्याची पोती काही लवकर पोहोचत नाहीत. 'स्पीड' हा शब्द कंपन्यांनी रूढ केला आणि आपण तो घेतला, इतकेच.

शिवाय ही रुंदी एकट्याची नसते. घरगुती फायबरमध्ये सर्वसाधारणपणे जी पद्धत वापरतात तिच्यात एक्स्चेंजकडून आलेली एक काच खांबावरच्या डबीत फुटून बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटली जाते. येताना अडीच गिगाबिट आणि जाताना सव्वा गिगाबिट सगळ्यांत मिळून. आणि मुंबईच्या पुढे समुद्रतळाच्या केबली. जानेवारी २००८ च्या अखेरीस इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ अशा दोन केबली तुटल्या, तेव्हा भारतभर इंटरनेट रखडले. त्या दिवसांत कुणी घरची जोडणी दुप्पट केली असती तरी काही उपयोग नव्हता. सांधा अलेक्झांड्रियाला निखळलेला.

आमचा सांधा मात्र इतका लांब नव्हता. लेकीने मोबाइलवर वेग मोजायचे अ‍ॅप उघडले. बैठकीत, डबीच्या शेजारी, ४६. सोप्यात ३०. मधल्या खोलीत, तिच्या टेबलाशी, ४ आणि ७ च्या मध्ये लपंडाव. आमचे घर जुन्या गावातले, माळवदाचे. मधली भिंत दोन हात रुंद, दगड आणि पांढऱ्या मातीची. उन्हाळ्यात हीच भिंत आम्हाला गार ठेवते; भूकंपाच्या पहाटेपासून तिच्याकडे पाहताना थोडी भीतीही वाटते. काचेच्या तारेतून मुंबईहून दोन मिलिसेकंदांत आलेला प्रकाश आमच्या बैठकीपर्यंत सुखरूप येतो आणि तिथून वायफाय होऊन त्या भिंतीवर डोके आपटतो. कुर्डुवाडी आमच्याच घरात आहे. तिथे ५० घेऊन या की ३०० घेऊन या, पोती त्या फलाटावरच पडणार.

दुसरा सांधा विजेचा. जुन्या काळ्या फोनची एक मोठी खुबी होती. त्याला लागणारी वीज एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांतून त्याच तांब्याच्या तारेने यायची, म्हणून गावात अंधार असला तरी फोन चालायचा. काच वीज नेत नाही. लाइट गेली की घरातली डबी मेली. मराठवाड्यात ज्याने भारनियमनाची ती वर्षे काढली आहेत त्याला हे समजावून सांगायला नको. त्यावर उपाय साधा आहे, डबीला जोडायचा छोटा यूपीएस. तो एकदाच घ्यायचा, आणि त्याची किंमत वाढीव प्लॅनच्या दोन-तीन महिन्यांच्या पैशांत बसते.

मी सरसकट मोठ्या जोडणीच्या विरोधात बोलतोय असे समजू नका. आमच्या गल्लीच्या तोंडाशी लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ करणारा एक मुलगा आहे. दर लग्नाचे शंभर-दोनशे जीबी त्याला पाठवावे लागतात. त्याने मोठी जोडणी घेतली ते योग्यच केले. सीटी स्कॅनची चित्रे बाहेरगावच्या डॉक्टरला पाठवणारे केंद्र, क्लासचे तास चित्रित करून वर चढवणारा मास्तर, यांचे काम पाठवण्याचे आहे. त्यांनी एक प्रश्न आधी विचारावा: वर जायचा वेग किती? तांब्याच्या ब्रॉडबँडमध्ये यायचा रस्ता रुंद आणि जायचा चिंचोळा असे. काही फायबर प्लॅनमध्ये दोन्ही सारखे मिळतात, काहींत नाहीत. जाहिरातीतला मोठा आकडा बहुधा यायच्या रस्त्याचा असतो. आम्ही मराठवाड्याची माणसे येणाऱ्या गोष्टींची वाट पाहायला सरावलेली आहोत. आपल्याकडूनही काही जायचे असते याचा विचार जरा उशिरा करतो.

आणि खेड्यांचा प्रश्न वेगळाच आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्राने अडीच लाख ग्रामपंचायती काचेच्या तारेने जोडायची योजना मंजूर केली. तीच २०१५ पासून भारतनेट. प्रत्येक ग्रामपंचायतीला १०० मेगाबिट, असा मूळ संकल्प. तालुक्यापासून गावांपर्यंत तार सरळ ओळीत टाकलेली, एखाद्या माळेसारखी. मधे रस्त्याच्या कामात जेसीबीने ती तोडली की पुढची सगळी गावे गप्प. ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने सुधारित योजनेला सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर केले, त्यात ही ओळ बदलून वर्तुळ करायचे ठरले. एका बाजूने तुटली तर दुसऱ्या बाजूने संदेश फिरून यावा. शहरात आम्ही पन्नास की तीनशे यावर डोके खाजवत असताना ज्या गावचा माणूस सात-बाराचा उतारा काढायला तालुक्याला जातो, त्याचे येडशी अजून तालुक्याला आहे.

कंपनीचा मुलगा दुसऱ्यांदा फोनवर आला तेव्हा मी त्याला उलट विचारले, "बेटा, तार तुटली तर माणूस किती तासांत येतो?" तो जरा थांबला. प्लॅनच्या कागदावर हा आकडा नसावा. "चोवीस तासांत येईल, चाचा," म्हणाला. लेक पलीकडून ऐकत होती. म्हणाली, "अब्बा, मग तीनशे नको. दुसऱ्या कंपनीचं साधं सिम घेऊन ठेवू. एक बंद पडलं तर दुसरं." भारतनेटचे वर्तुळ तिने घरातच काढले. महिन्याला दीड-दोनशे रुपयांत.

तर आमचे ठरले ते असे: जोडणी पन्नासचीच राहणार. डबीला यूपीएस, कपाटात जास्तीचे सिम, आणि बैठकीतून मधल्या खोलीत लॅनची वायर. वायरीसाठी भिंतीला भोक पाडायला मिस्त्री येऊन बघून गेला. त्याने भिंतीवर हात ठेवला, वीतभर मोजली, मग दुसऱ्या बाजूने जाऊन मोजली. म्हणाला, "चाचा, एवढ्या भिंतीला माझा ड्रिल पुरायचा नाही. अर्धं इकडून पाडावं लागेल, अर्धं तिकडून." शुक्रवारी दुपारनंतर येतो म्हणालाय.